तुमच्याबरोबर कोण होते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात माजी सैनिकांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण. वक्ते सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत.)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नव्हे. जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिक झालेला, आणि पुढे अध्यापनाची पदविका घेऊन छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी व पाढे शिकविलेला एक साधा मास्तर आहे. तेव्हा आज जो विषय मी हाती घेतला आहे, तो माझ्या अधिकाराबाहेरचा आहे असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. परंतु काही विषय पुस्तकातून आपल्याकडे येतात, तर काही आपल्याच ओट्यावर येऊन बसतात. हा विषय दुसऱ्या प्रकारचा आहे. तो आमच्या घरच्या ओट्यावर चौतीस वर्षे बसून होता, आणि त्यांपैकी पहिली सोळा वर्षे मला तो ओळखताही आला नाही.

सैनिक युद्धावरून परत येतो, त्याची जखम भरते, त्याला निवृत्तिवेतन मिळते, त्याचा संसार सुरू होतो. आणि तरीही त्याच्या मनातील एक शोक सरत नाही. हा शोक कोणाचा, तो का सरत नाही, आणि लहानपणी लाभलेल्या किंवा न लाभलेल्या मायेचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे आज माझ्या बुद्धीप्रमाणे मांडावे असा विचार आहे.

आपल्याकडील कित्येक जुन्या गावांत एक दगडी पाटी आढळते. या गावातून महायुद्धास इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले, अशा अर्थाचा मजकूर तीवर कोरलेला असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आणि आज त्या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. मराठा पलटणींतील आपले लोक तेव्हा मेसोपोटेमियात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले होते. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. भुकेने आणि रोगाने माणसे हातपाय खोडून पडली, आणि जी वाचली त्यांच्या नशिबी तुर्कांची कैद आली. आता त्या पाटीवरील हिशेब पाहा. गेले किती व मेले किती, एवढे दोनच आकडे तीवर आहेत. जे परत आले त्यांचा आकडा वजाबाकीने काढावा लागतो. पण परत आलेल्यांनी बरोबर काय आणले, हे काढण्याची वजाबाकी मला कोणत्याही अंकगणितात सापडली नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असू, १९६६ साली वयाच्या अठराव्या वर्षी पलटणीत भरती झाले. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्व आघाडीवर होते. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी ते रजेवर आले, तेव्हा गावाने वेशीपासून लेझीम खेळत त्यांची मिरवणूक काढली. मिरवणुकीत मी त्यांच्या पुढे नाचत होतो. त्यांचा चेहरा मात्र मला आज आठवतो तसा तेव्हा दिसला नाही. मुलांना चेहरे दिसत नाहीत, बिल्ले दिसतात. १९८३ साली ते हवालदार होऊन कायमचे घरी आले. भर थंडीतही ते माजघरात निजत नसत. ओट्यावर, भिंतीला पाठ लावून निजत. दिवाळीचे चार दिवस ते शेतातील खोपीत काढीत. मुलाबाळांना त्यांनी कधी मारले नाही, तसे कधी जवळही घेतले नाही. संध्याकाळी ते दारू पीत, पण आरडाओरडा नसे. पिऊन गप्प बसत. त्यांच्याजवळ इनॅमलचा एक मग होता. तो खुंटीला टांगलेला असे. त्यातून ते स्वतः पीत नसत व दुसऱ्या कोणाला पिऊ देत नसत. एकदा वहिनींनी तो राखेने घासला, तर आठ दिवस ते वहिनींशी बोलले नाहीत.

१९८५ च्या स्वातंत्र्यदिनी मी त्यांना आमच्या शाळेत बोलाविले. ते नको म्हणत होते. मी हट्टाने नेले. छातीवर पदके लावून ते मुलांसमोर उभे राहिले. मी म्हणालो, “दादा, तुमच्या पराक्रमाची एखादी गोष्ट मुलांना सांगा.” त्यांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले, हात थरथरू लागले, आणि काही न बोलता ते मैदान ओलांडून निघून गेले. मागे कोणीतरी हसले. सकाळीच घेतलेली दिसते, असे एक सद्गृहस्थ म्हणाले. मला शरम वाटली, आणि खोटे का बोलू, ती त्यांची वाटली, माझी नाही. मी तीन महिने त्यांच्याशी अबोला धरला. विद्यार्थ्याला उत्तर येत नसेल तर प्रश्न तपासून पाहावा, हे मी नव्या शिक्षकांना सांगत असे. स्वतःच्या भावाच्या बाबतीत मात्र ते मला सुचले नाही.

या दुखण्याचा जगाला पत्ता कसा लागला, ते थोडक्यात सांगतो. दादांची नात पुण्यास मानसशास्त्राचा अभ्यास करते. तिने मला पुस्तके वाचून दाखविली व अडलेले समजावून दिले, त्याचे श्रेय तिचे आहे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ या नावाखाली काही सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदू दुखावतो व त्यामुळे सैनिकाची दृष्टी, स्मृती, वाचा जाते, असा तेव्हाचा समज होता. पुढे दिसून आले की, ज्यांच्याजवळ गोळा फुटलाही नव्हता अशा माणसांनाही हे होते. कित्येकांना भित्रे ठरविण्यात आले. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. “जे झाले ते विसरा”, असा सल्ला त्या काळी सर्रास दिला जाई. तो घातक आहे, असे त्यांनी १९१७ साली आपल्या निबंधात सांगितले.

त्यांनी नोंदविलेली एक हकीकत मी जन्मभर विसरणार नाही. एक अधिकारी आपल्या मित्राला शोधावयास गेला, तेव्हा त्याला मित्राचे छिन्नविच्छिन्न शरीर सापडले. त्या दिवसापासून रोज रात्री तेच दृश्य स्वप्नात येऊन तो किंचाळत उठे. सर्वांनी त्याला ते विसरावयास सांगितले होते. रिव्हर्सनी त्याला एक वेगळी गोष्ट दाखवून दिली: शरीराची ज्या अर्थी अशी अवस्था झाली, त्या अर्थी मृत्यू तत्क्षणी आला असला पाहिजे, तुझ्या मित्राला तळमळावे लागले नाही. हे खोटे सांत्वन नव्हते. ते सत्यच होते, पण भीतीमुळे त्याला दिसत नव्हते. काही रात्री स्वप्न पडले नाही. मग एका रात्री पुन्हा पडले. पण या खेपेस तो मित्राजवळ गुडघे टेकून बसला आणि घरच्या माणसांना द्यावयाच्या वस्तू हलक्या हाताने काढून घेऊ लागला. जागा झाला तेव्हा तो किंचाळत नव्हता; शांतपणे रडत होता. बंधूंनो, भयाचे रूपांतर शोकात झाले. आपण समजतो की रडणे हा आजार आहे. रिव्हर्सच्या त्या रोग्याला रडता येऊ लागले, तीच त्याच्या बरे होण्याची सुरुवात होती.

पुढे अमेरिकेने व्हिएतनाममध्ये युद्ध केले. तेथील सैनिक बहुधा एकेकटे पाठविले जात आणि वर्षभराची मुदत भरली की एकेकटेच विमानाने घरी परतत. काल जंगलात असलेला माणूस दोन दिवसांत आपल्या स्वयंपाकघरात उभा राही. मेलेल्या सोबत्याविषयी ज्यांच्याशी बोलावे ते सोबती मागे राहिलेले, आणि घरच्यांना त्याचे नावही ठाऊक नाही, अशी त्याची गत होई. या सैनिकांच्या दुःखामुळेच मुख्यतः १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत ग्रंथात ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणजे आघातोत्तर ताणविकार या आजाराची नोंद केली. दचकणे, दुःस्वप्ने, नको त्या आठवणी घुसणे, त्या टाळण्यासाठी माणसांपासून दूर पळणे, मन बधिर होणे ही त्याची लक्षणे होत. दादांचे ओट्यावरील निजणे व दिवाळीतील खोपीतील वास यांचा अर्थ मला या यादीने कळला. पण त्या मगाचा अर्थ मात्र यादीत नव्हता.

तो अर्थ २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडला. पिव्हार व फील्ड या दोन संशोधकांनी या विकाराने ग्रस्त असलेल्या शंभरावर माजी सैनिकांची तपासणी केली. त्यांना आढळले की, भयाची लक्षणे वेगळी, खिन्नतेची वेगळी, आणि त्यांहून निराळी अशी शोकाची लक्षणे या माणसांत आहेत. ज्यांचे अधिक सोबती गेले त्यांच्यात ती अधिक आहेत. युद्धाला तीस वर्षे होऊन गेली होती. तरीही त्यांच्या शोकाची तीव्रता पती किंवा पत्नी जाऊन सहा महिने झालेल्या माणसाच्या शोकाइतकी होती. म्हणजे घड्याळ तीस वर्षे पुढे गेले, पण शोकाचा काटा सहा महिन्यांवर अडकून राहिला. अलीकडे, २०२२ सालापासून, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत आणि अमेरिकन ग्रंथातही ‘दीर्घकाळ टिकणारा शोक’ ही स्वतंत्र नोंद झाली आहे. दुःख करणे हा आजार नव्हे. परंतु दुःख गोठून बसले आणि त्याने जगणे थांबविले, तर त्यास मदतीची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता मायेचा प्रश्न. जॉन बोल्बी नावाचे एक इंग्रज मनोवैद्य होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याचे डॉक्टर होते. आईपासून तुटलेल्या मुलांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, आणि १९६९ ते १९८० या काळात तीन खंडांत आपला सिद्धांत मांडला. पहिल्या खंडाचा विषय अनुबंध, दुसऱ्याचा ताटातूट, आणि तिसऱ्याचा वियोग. हा क्रमच बोलका आहे. त्यांचे म्हणणे असे की, मूल आईला चिकटते ते केवळ दुधासाठी नव्हे, आश्रयासाठी. भय वाटले की धावत जाण्याची एक जागा त्याला हवी असते. ती आहे अशी खात्री असली म्हणजेच ते अंगणाबाहेर पाऊल टाकते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातील खेड्यांत आणि मग अमेरिकेत बाल्टिमोर येथे आया व मुले यांचे बारकाईने निरीक्षण केले. काही मुले आई दूर गेली की रडतात व परत आली की तिच्या कुशीत शांत होतात. हा सुरक्षित अनुबंध. काही कुशीत येऊनही शांत होत नाहीत, चिकटतात आणि रागाने हातही झाडतात. हा चिंतातुर अनुबंध. आणि काही आई आली तरी खेळण्यातून मान वर काढीत नाहीत, जणू त्यांना काही नकोच. हा दूर राहणारा अनुबंध. पुढे संशोधकांना आणखी एक, विस्कटलेला प्रकारही आढळला. पहिलीच्या वर्गात जूनच्या पहिल्या आठवड्यात जो शिक्षक बसला आहे, त्याला ही सर्व मुले ओळखीची आहेत. जे मूल दाराशी रडत नाही ते शहाणे, असे आम्ही म्हणत असू. ते नेहमीच खरे नव्हते.

दादा तिसऱ्या प्रकारचे होते, असे मला आता वाटते. ते तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. काका मुंबईस गिरणीत. मूल दोन वर्षे मामाकडे, दोन वर्षे आत्याकडे, आणि मग आमच्या घरी आले. माझी आई सांगे, “हा पोरगा पडला तरी रडत नाही; गुडघा स्वतःच धुतो नि स्वतःच पट्टी बांधतो.” घरात सर्वांना त्याचे कौतुक. अशा मुलाला पुढे पलटण मिळाली. आपल्याकडील पलटणीत एका मुलखाची, एका बोलीची माणसे वर्षानुवर्षे एकत्र राहतात, एका पंक्तीला जेवतात. शेजारच्या तालुक्यातील एक जवान दादांचा जोडीदार झाला. दादांना पत्र लिहावयाचा कंटाळा, म्हणून तो लिही. त्याला ताप आला तर दादा रात्रभर बसत. ज्याने कोणाजवळ काही मागितले नाही, त्याला वयाच्या विसाव्या वर्षी मागण्याजोगे एक माणूस भेटले. आणि तेवीसाव्या वर्षी ते गेले.

याचा विचार करता दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्याचा पाया मायेच्या बाबतीत डळमळीत आहे, त्याला असा घाव अधिक खोल जातो, आणि घाव लागल्यावर तो मदत मागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, घावही पाया हलवितो. १९७३ च्या युद्धातील इस्रायली युद्धकैद्यांचा झहावा सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे अभ्यास केला. त्यांत दिसून आले की, कैदेत न पडलेल्या सैनिकांच्या उलट, या लोकांचा इतरांविषयीचा अविश्वास व एकटे पडण्याची धास्ती काळाबरोबर वाढतच गेली. यास्तव कोणी असा समज करून घेऊ नये की, आईची माया भरपूर मिळालेल्यास हा आजार होत नाही, किंवा न मिळालेल्यास तो व्हावयाचाच. आई गेलेल्या मुलांतूनही भक्कम माणसे घडतात. पण एखादा माणूस जवळ येऊ देत नसेल तर तो माजोरी आहे असे ठरविण्यापूर्वी, जवळ आलेले माणूस त्याने किती वेळा गमावले, हे विचारावे.

हा शोक सरत का नाही? रणांगणावर रडावयास सवड नसते. रडणारा मरतो व दुसऱ्यास मारवितो. दुसरे कारण अपराधाची भावना. तो गेला, मी का राहिलो? तिसरे कारण आपल्या समाजाशी निगडित आहे, म्हणून त्यावर मी थोडा थांबतो. आपल्याकडे मृत्यूनंतर काय काय असते ते आठवा. सुतक असते, म्हणजे तेरा दिवस जगाने आपल्याकडून काही मागावयाचे नाही. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही तर आप्तांपैकी कोणी पुढे होऊन मोठ्याने सांगतो, “तुझ्या पोरांना मी अंतर देणार नाही”, आणि मग सारे श्वास रोखून कावळ्याची वाट पाहतात. कावळ्याचे शास्त्र काय असेल ते असो. पण मेलेल्याशी शेवटचे बोलण्याची, त्याला वचन देण्याची एक जागा आपल्या पूर्वजांनी राखून ठेवली. अलीकडे ब्रेट लिट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी सैनिकांसाठी जी उपचारपद्धती तयार केली, तीत सैनिकाला आपल्या मृत सोबत्याशी, तो समोर आहे असे मानून, मोठ्याने बोलावयास सांगतात. मला तो घाटच आठवला.

पण या घाटावर सोबत्याला जागा कोठे आहे? तो सगोत्र नाही. त्याला सुतक नाही. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्याच्या दहाव्याला जाण्याचा हक्क नाही. आणि १९७१ साली तर देहही गावी येत नसे. अग्नी तिकडेच दिला जाई. महाभारतात युद्ध संपल्यावर गंगेच्या काठी सर्व आप्तांना पाणी देतात, तेव्हा कुंती सांगते की, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. त्या क्षणी धर्मराज कोसळतो. राज्य नको म्हणतो; त्याचे मन वळवावयास पुढे सारे शांतिपर्व लागले. धर्मराजाला पाणी देताना नाते कळले. आमच्या सैनिकाला नाते ठाऊक होते, पण पाणी देण्याची वाट मिळाली नाही.

१९९९ साली कारगिलचे युद्ध झाले. या वेळी मात्र तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव आल्या, आणि दूरदर्शनवर आपण त्या पाहिल्या. दादा एक दिवस त्या दृश्यासमोर बसले आणि उठेचनात. दारू वाढली. एका डॉक्टरने ताकदीची इंजेक्शने दिली, दुसऱ्याने झोपेच्या गोळ्या. दिवाळीत वहिनी माझ्याकडे आल्या व म्हणाल्या, “भाऊजी, खोपीत एकटे सोडायचं मला भय वाटतं.” मी रात्री खोपीत जाऊन बसलो. लांब गावात फटाके वाजत होते. पराक्रमाची गोष्ट विचारून एकदा पस्तावलो होतो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून सहज विचारले, “दादा, तेव्हा तुमच्याबरोबर कोण होते?”

बराच वेळ गेला. मग त्यांनी एक नाव घेतले. अठ्ठावीस वर्षांत ते नाव आमच्या घरात कोणी ऐकले नव्हते. पहाटेपर्यंत ते बोलत होते. रात्रीच्या हल्ल्यात जोडीदाराला गोळी लागली. त्याने दोनदा हाक मारली. पुढे चला, हा हुकूम. जखमीसाठी थांबावयाचे नाही, ही शिकवण. दादा थांबले नाहीत. उजाडल्यावर परत आले, तेव्हा सर्व संपले होते. त्याच्या वस्तू गोळा करून त्यांनी सुभेदाराकडे दिल्या. मग तेवढा स्वतःपाशी ठेवला. जोडीदाराचे घर आमच्यापासून एस. टी. ने दोन तासांवर. आई हयात असल्याचे त्यांना ठाऊक होते. ते कधी गेले नव्हते. “काय तोंडाने जाऊ?” एवढेच ते म्हणाले.

माघात मी त्यांना घेऊन गेलो. फाट्यावर उतरल्यावर दादा दोनदा परत फिरले. मी काही बोललो नाही, नुसता थांबलो. त्या माउलीला कमी दिसत होते. दादांनी तिच्या पायाशी बसून सर्व सांगितले, हाकेचेही सांगितले. ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारले, “त्या दिवशी जेवला होता का रे माझा?” दादा म्हणाले, “होय आई. संध्याकाळी आम्ही एका ताटात जेवलो. त्यानं माझ्या वाटची भाजीसुद्धा खाल्ली.” म्हातारी म्हणाली, “मग उपाशी नाही गेला.” आणि ती दोघे रडली. दादांना रडताना मी जन्मात प्रथम पाहिले. त्यांनी मग पुढे केला, तो तिने हातांनी चाचपला व परत दिला. “तुझ्यापाशीच राहू दे. पण नुसता टांगू नको. त्यात चहा पीत जा.”

पुढल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येस दादांनी भटजींना भीतभीत विचारले की, परक्याला पाणी देता येते काय. भटजी म्हणाले, “परका कसला? तर्पणात गुरू आहेत, शिष्य आहेत, आप्त आहेत, तसा सखाही आहे. नाव सांगा.” इतके दिवस आपण ही ओळ ऐकली व सोडून दिली. मित्राला पाणी देण्याची वाट आपल्याच घरात होती. ती आम्हाला कोणी दाखविली नाही, आणि आम्हीही कोणास विचारली नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, तर्पणाने हा आजार बरा होतो. दादा शेवटपर्यंत ओट्यावरच निजले. फटाक्याला दचकणे गेले नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले, त्याचा गुण आला. ते दहा वर्षे आधी न्यावयास हवे होते, आणि वेडाचा डाग लागेल म्हणून ज्यांनी अडविले त्यांत मी एक होतो. पण दारू बहुतांशी सुटली. नातीला ते मांडीवर घेऊ लागले. २०१७ साली ते वारले. वहिनींच्या व मुलांच्या संमतीनेच मी हे सांगत आहे.

आता मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, दरवर्षी आपण माजी सैनिकांना शाल व श्रीफळ देतो; ते द्यावे, पण त्यांना पराक्रमाच्या गोष्टी सांगावयास उभे करू नये. त्याऐवजी प्रत्येकाकडून आधी विचारून, ज्याची इच्छा असेल त्याच्या गेलेल्या सोबत्याचे नाव लिहून घ्यावे, आणि संमेलनाच्या आरंभी ती नावे वाचावी. सोबती कोणत्या जातीचा हे पाहू नये, कारण पलटणीत ते कोणी पाहिले नव्हते. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे १९८२ साली काळ्या दगडाची एक भिंत उभारली; तीवर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. वृद्ध सैनिक तेथे येऊन बोटांनी एक नाव शोधतात व कागदावर त्याचा ठसा उमटवून घेतात. आपल्याला भिंत नको. एक वही पुरे. दुसरी सूचना अशी की, प्रत्येक गावात दोन जबाबदार माणसांनी, विशेषतः दिवाळीत, या घरी जाऊन बसावे. उपदेश करू नये, बसावे. तिसरी सूचना अशी की, उपचारास संकोच करू नये. माजी सैनिकांसाठी २००३ पासून आरोग्य योजना आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे, आणि २०२२ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. आपल्या शिकलेल्या मुलींनी व सुनांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी विशेष विनंती आहे. त्यांना पुरुषांहून आधी कळते, हे मी आमच्या वहिनींकडे पाहून सांगतो.

समोर बसलेल्या माजी सैनिक बांधवांना मात्र मला सूचना करावयाची नाही. १९८५ साली एका सैनिकाला मी चुकीचा प्रश्न विचारला, त्याबद्दल त्यांच्या पंक्तीतील सर्वांची क्षमा मागतो. संमेलन संपल्यावर मी मागल्या दाराशी, चहाच्या टेबलाजवळ बसणार आहे. कोणास एखादे नाव सांगावेसे वाटले तर मी वही आणली आहे.